जांभळ्या गंजीफ्रॉकांचा एक गोल

मी ज्या फुटबॉल टीमचा आहे ती टीम हरते. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला डोळे पुसायला नकोत. सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात आम्ही हरलो नाही असं एक मैदान दाखवा, मी मिशी उतरवतो. मिरजेत हरलो, कराडला हरलो, साताऱ्याला तर कापसाच्या गाठींच्या लॉरीतून उभ्यानं जाऊन हरलो. येताना लॉरीचं चाक बसलं. चाक बदलेपर्यंत रस्त्याकडेच्या गुराख्यांनी आमच्याशी मॅच लावली, तीही हरलो. त्यांच्या गोलात म्हैस उभी होती असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसणाऱ्यांचं बरोबर आहे. म्हैस नव्हती, रेडा होता.

टीम माधवनगरची. आम्ही सगळे तिथल्या एका गिरणीतले. कुणी साच्यावर कापड विणायला, कुणी गाठी बांधायला, मी रंगखात्यात. कप्तान विणकामातला जॉबर, म्हणजे मुकादम होता, चाळिशी ओलांडलेला, गुडघ्याला बारा महिने फडकं गुंडाळलेला. फडक्याखाली गुडघा आहे की नाही, हे त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं.

मी खेळाडू नव्हे. मी बघणारा. पण आमच्यात बघणाराही टीमचाच धरत, कारण आमच्या जर्स्या. विकत घ्यायच्या जर्स्या आम्हाला कधी जमल्या नाहीत. मग रिवाज असा पडला की स्पर्धेच्या आधी प्रत्येकानं आपला पांढरा गंजीफ्रॉक माझ्याकडं आणून द्यायचा आणि मी तो जांभळा करायचा. अकरा खेळणाऱ्यांचे, दोघं राखीव, आणि मग मैदानाबाहेर उभं राहून घसा फोडणाऱ्यांचे. सत्तर-सत्तर गंजीफ्रॉक एका टाकीत पडायचे. कुणाचा फाटका, कुणाचा नवा, कुणाच्या बापाचा. टाकीतून निघाले की सगळे एका रंगाचे. नंतर वर्षभर आम्ही ते शर्टाखाली घालायचो. गिरणीत कुणी घाम पुसायला शर्ट वर केला की कळायचं, हा आपला.

जांभळाच का, असं विचाराल तर साड्यांच्या काठांना तो रंग लागायचा, आणि टाकीच्या तळाशी उरायचा. पण उरलेला असला तरी माझ्या हातचा होता. माझ्या हातचे काठ बायकांनी कृष्णेच्या घाटावर आपटून आपटून घाटाच्या पायऱ्या झिजवल्या, काठ तस्से राहिले. रंगखात्याचे मास्तर, ज्यांनी मला हे काम शिकवलं, ते नव्या माणसाला माझ्याकडं बोट करून सांगायचे, "रंग चढवायला कुणीही शिकतो. पक्का करायचा कसा ते याचं बघ."

हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

आता हलगीचं सांगतो. अगदी पहिल्या वर्षी कप्तानानं जिंकायचं ठरवलं होतं. म्हणून मिरवणुकीसाठी त्यानं कुंडलहून हलगीवाले बोलावून ठेवले आणि त्यांना सांगितलं, "शेवटची शिट्टी झाली की वाजवाय सुरू करायचं, कुणाला इचारत बसायचं न्हाई." ते चौघं एका झाडामागं सावलीला बसले. शिट्टी झाली. आम्ही पाच-शून्यनं हरलो होतो. हलगीवाल्यांनी इमानदारीत वाजवायला सुरुवात केली, आणि हलगी कडाडली की आमच्याकडच्या माणसाचे पाय बापाचंही ऐकत नाहीत. लोक नाचायला लागले. पाच गोल खाल्लेल्या गोलकीपरला खांद्यावर घेतलं. सांगलीपासून माधवनगरपर्यंत मिरवणूक आली. दारादारांत बायकांनी कप्तानाला ओवाळलं.

"कितीनं हो?" एका म्हातारीनं विचारलं.

"पाच," कप्तान म्हणाला. कुणाचे पाच, ते तिनं विचारलं नाही.

तेव्हापासून दर वर्षी हरल्यावर हलगी. पुढं पुढं जिंकणाऱ्या टीमची माणसं आपली मिरवणूक सोडून आमच्या मागं यायची, कारण त्यांच्याकडं नुसता कप असायचा.

माझी सासुरवाडी मिरजेची, हे माझं दुर्दैव. त्याहून मोठं दुर्दैव म्हणजे धाकटा मेव्हणा मिरजेच्या टीमचा फुलबॅक. मिरजेची टीम पांढऱ्या जर्स्यांची, शिवून घेतलेल्या, खिशावर कशिदा काढलेल्या. हा गडी ताडासारखा उंच, आणि तोंड त्याहून लांब. सणाला घरी आला की चपला काढायच्या आधी सुरू.

"काय दाजी, यंदा किती घ्यायचं?"

"तुझी भन घेतली, त्येवढं बास झालं," मी म्हणायचो.

आतून बायकोचा आवाज यायचा, "व्हय, मला बी गोलातच मोजा आता."

अशी सुखात आमची वर्षं हरण्यात चालली होती. मग आणीबाणी आली. रेल्वे वेळेवर, कचेऱ्या वेळेवर, भिंतीभिंतीवर शिस्तीच्या पाट्या. तो वारा सांगलीच्या स्पर्धेच्या कमिटीलाही लागला. कमिटीचे अध्यक्ष हळदीचे व्यापारी होते. सज्जन माणूस, पण शिस्तीपुढं सज्जन माणूसच आधी वाकतो. त्यांनी नवा नियम काढला. ओळीनं तीन वर्षं ज्या टीमनं एकही गोल केला नाही, तिला पुढं प्रवेश नाही.

नियम सगळ्यांना होता. पण सगळ्यांनी वळून आमच्याकडं बघितलं.

दोन वर्षं आम्ही कोरडे गेलो होतो. हे तिसरं. आणि त्या स्पर्धेत हरलं की घरी, म्हणजे आम्हाला वर्षाला एकच मॅच. चिठ्ठ्या टाकल्या, तर समोर मिरज.

कप्तान रंगखात्यात माझ्याकडं आला आणि टाकीच्या कडेला बसला.

"गड्या, जिंकायचं न्हाई मला. ते आपलं काम न्हवं," तो म्हणाला. "पर एक गोल पायजे. टीम गेली तर मी काय हाय सांग? निस्ता जॉबर. रोज भोंग्याला जायाचं, भोंग्याला यायाचं, आन् ऐतवारी भिताडाकडं त्वांड करून बसायचं."

मी म्हणालो, "गंजीफ्रॉक गोळा कर. बाकीचं बघू."

गोळा करायलाच त्यानं उशीर केला. लग्नसराई चालू होती. दोघं वऱ्हाडात गेलेले, एक सासऱ्याच्या गावाला, त्यांना धरून आणता आणता गठ्ठा माझ्याकडं आला तो मॅचच्या आदल्या दिवशी. आता रंगाचं काम थोडं सांगावं लागेल. रंग चढवणं हे अर्धंच काम. मिठाच्या गरम पाण्यात रंग बसला की कापड पक्कं करायच्या पाण्यात ठेवायचं, मग साबणाच्या उकळीतून काढायचं, मग वाहत्या पाण्यात जेवढा सुटायचा तेवढा सुटू द्यायचा. घाई केली तर रंग दिसतो झकास, पण कापड भिजलं की तो पाहुण्यासारखा उठून चालायला लागतो.

माझा रंग चढवून झाला, आणि बॉयलरची वाफ बंद झाली. पुढचं सगळं राहिलं. मी गंजीफ्रॉक पिळले आणि दोरीवर टाकले. सकाळपर्यंत खडखडीत वाळले. काय दिसत होते! जांभूळही लाजेल. कप्तानानं विचारलं, "झाक झालं नव्हं?" मी म्हणालो, "झालं." ते खोटं नव्हतं. वाळलेले होते तोवर झालेलेच होते.

मॅच भर उन्हाळ्यातली. सांगलीचं ऊन असं की मैदानावर बॉल ठेवला तर भाकरीसारखा फुगायचा. पंच साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून पेन्शनीत आलेले. शिट्टी अशी फुंकायचे की रस्त्यावरचे पोलीस सावधान उभे राहायचे. अर्धा वेळ झाला तेव्हा आम्ही चार-शून्यनं मागं होतो, म्हणजे आमच्या मानानं चांगलं चाललं होतं.

अर्ध्या वेळात खेळाडूंच्या अंगावर पाणी ओतायचं काम माझं. दर वर्षी मीच ओतायचो. एक-एक माणूस, एक-एक बादली. त्या दिवशीही ओतलं. अकरा माणसं, बारा बादल्या. आमच्या कप्तानाला दोन, कारण तो वयानं मोठा.

पुढचं जे झालं ते मी चाळीस वेळा सांगितलंय आणि दर वेळी थोडं वाढलंय, तेव्हा आज आवरून सांगतो. दोन मिनिटांत आमची टीम बेंबीपासून पिंढरीपर्यंत जांभळी झाली. पाच मिनिटांत बॉल जांभळा झाला. सुभेदारांनी कपाळाचा घाम पुसला, ते कपाळ जांभळं झालं. एक पांढरं कुत्रं मैदानातून आडवं गेलं, ते पलीकडून निघालं तेव्हा मालकानं ओळखलं नाही. आणि आमची खेळायची पद्धत अशी की माणसाला कवटाळल्याशिवाय बॉल मिळत नाही. कप्तान तर ज्याला धरायचा त्याला लग्नातल्या व्याह्यासारखा धरायचा. मिरजेच्या एक-एक पांढऱ्या जर्सीला त्यानं मिठी मारली, आणि पंधरा मिनिटांत मैदानावर बावीस सख्खे भाऊ पळत होते.

बॉल माझ्या मेव्हण्याकडं आला. स्वतःच्या गोलापासून पंधरा पावलांवर. डोळ्यात घाम, समोर आमचा कप्तान हात पसरून येतोय. मेव्हण्यानं उजवीकडं बघितलं. एक जांभळट गडी मोकळा उभा होता, हात वर करून. मेव्हण्यानं त्याला सुरेख पास दिला.

तो गडी आमचा होता. गाठी बांधणारा, डावीकडून खेळणारा. त्याला उभ्या जन्मात कुणी पास दिला नव्हता, आम्हीसुद्धा नाही. हात वर केला होता तो पाणी मागायला. बॉल पायाशी येऊन थांबला आणि तो त्याच्याकडं, दारात कुणी परक्याचं लेकरू ठेवून गेल्यासारखा बघत राहिला.

"मार!" आम्ही साठ जण ओरडलो. "आरं मार की रं मुडद्या!"

त्यानं डोळे मिटून मारला. मिरजेच्या गोलकीपरला वाटलं, आपलाच माणूस बॉल मागं देतोय. तो खाली पडलेला रुमाल उचलावा तसा निवांत वाकला. बॉल त्याच्या दोन पायांमधून गेला आणि जाळीत जाऊन बसला.

आम्हाला गोल झाल्यावर काय करतात ते माहीत नव्हतं. मग सुभेदारांची शिट्टी वाजली, आणि झाडामागच्या हलगीवाल्यांना वाटलं मॅच संपली. त्यांनी हलग्या उचलल्या. त्यांना थांबवायला गेलेला माणूसही नाचतच गेला.

सहा-एक. हरलो. मिरवणूक अशी निघाली की माधवनगरला पोहोचेपर्यंत हलगीची कातडी फाटली. दारात आमची मंडळी उभी होती.

"किती?"

"सहा-एक."

"त्यो एक कुनाचा?"

"आमचा."

तिनं माझ्या खांद्यावरून मागं बघितलं. मागं तिचा भाऊ उभा होता, छातीपासून खाली जांभळा.

"आक्के, दाजीस्नी इचार त्यो एक कसा झाला," तो म्हणाला. "कमिटीत लिवून दिलंय मी. ऐतवारी बोलावलंय ह्यास्नी."

ती माझ्याकडं वळली. "माझ्या माहेराला हरवायचं तर खेळून हरवा. रंगवून न्हवं."

रविवारी अध्यक्षांच्या पेढीवर बैठक भरली. हळदीच्या पोत्यांवर आम्ही बसलो. सुभेदार, कप्तान, मेव्हणा, मी. आणि माझ्या रंगखात्याचे मास्तर, त्यांना अध्यक्षांनी जाणकार म्हणून बोलावलं होतं.

सुभेदार पहिल्यांदा बोलले. "गोल मी दिलाय. पर कापडाला मुद्दाम कच्चा रंग दिला आसंल तर ती लबाडी झाली. मग गोल बी जाईल आन् टीम बी. चुकून ऱ्हायला आसंल तर चूक माणसाच्या हातनं हुती. त्येचा गोल मी काढनार न्हाई."

अध्यक्षांनी मास्तरांना विचारलं, "तुमच्या या माणसाच्या हातून असं होऊ शकतं?"

मास्तर ताठ बसले. त्यांना वाटलं, माझ्या बाजूनं बोलायची हीच वेळ. "साहेब, याच्या हातचा रंग सुटत नाही. मी शिकवलंय याला. इतक्या वर्षांत याचा एक काठ परत आलेला नाही. वाटलं तर गिरणीतल्या कुणालाही विचारा."

मेव्हणा पोत्यावरून उठलाच. "झालं की मग! ह्यांचा रंग सुटत न्हाई म्हंजे ह्यांनी त्यो सोडला!"

मास्तरांच्या तोंडावरचं हसू तिथल्या तिथं थिजलं. कप्तान गुडघ्याचं फडकं सोडत होता आणि परत बांधत होता. मी त्याच्याकडं बघितलं आणि मला त्याचा रविवार दिसला, भिंतीकडं तोंड करून बसलेला.

मी उभा राहिलो.

"साहेब, मास्तर मायेनं बोलतात," मी म्हणालो. "माझा रंग सुटतो. मी घाई केली. पक्का केला नाही, साबणाची उकळी दिली नाही. ज्याला काम येतं त्यानं असं कापड दोरीवर टाकायचं नसतं. मी टाकलं. माझ्या हातची चूक आहे."

"लिहून द्याल?" अध्यक्षांनी विचारलं.

"देतो."

दिलं. सही केली. मास्तर माझ्याकडं न बघता उठले आणि चपला पायात सरकवून निघून गेले. अध्यक्षांनी तो कागद हातात घेतला. त्यांची बोटं जन्माची पिवळी, त्या पिवळ्याचे ठसे माझ्या सहीवर उठले. मग त्यांनी वहीत आमच्या टीमच्या नावापुढं एक गोल लिहिला आणि पुढच्या वर्षाचा प्रवेश कायम केला.

कप्तानानं बाहेर येऊन माझा हात धरला. म्हणाला, "चा घे."

सोमवारी मास्तरांनी मला रंगातून काढलं आणि धुलाईत टाकलं. कापड पांढरं करायच्या टाकीवर. जांभळ्याचा बादशहा मी, दिवसभर पांढरं ढवळत बसलो. गिरणीत मला 'कच्चा' म्हणायला लागले. "काय कच्चा, पाळी कुठली?" बायका साडी घेताना विचारायच्या, "ह्यो काठ त्या कच्च्याच्या हातचा न्हाई नव्हं?" मला राग यायचा. मग मी शर्ट वर करून आतला गंजीफ्रॉक दाखवायचो आणि विचारायचो, "तुमच्या टीमनं मिरजेला गोल केलाय कवा?"

लोक मला आजही विचारतात, खरं सांगा, मुद्दाम केलं होतं का? मी त्यांना सांगतो, माझ्या सहीचा कागद आहे, वाचा. कुणी खोदून विचारतो, बरं, रंग कच्चा राहिला हे ठाऊक असताना पाणी कशाला ओतलंत? मी म्हणतो, ऊन होतं.

वर्ष फिरलं. स्पर्धेच्या आठ दिवस आधी मेव्हणा घरी आला. चपला काढल्या, तरी "किती घ्यायचं" विचारलं नाही. पिशवीतून ती जर्सी काढून त्यानं माझ्यापुढं धरली. छातीवर आमच्या कप्तानाच्या मिठीचा डाग, दोन्ही पंजे बोटांसकट.

"दाजी, वरीस झालं धुतोय. सोडा लावला, रिठा लावला, आईनं दगडावर आपटून खांद्याची शिवण उसवली. ह्यो काय जाईना. टीमवाले हसत्यात. तुमी आता धुलाईत हाय नव्हं? पांढरी करून द्या की."

मी जर्सी उजेडात धरली. डाग बघितला. कडा साफ, रंग भरदार, एका ठिकाणी फिकट नाही. माझ्या टाकीत दोन तास टाकली असती तर निघाला असता, हे मला ठाऊक होतं. त्याला नव्हतं. आतून बायको दारात येऊन उभी राहिली होती.

"न्हाई जायाचा," मी म्हणालो.

"का?"

"माझ्या हातचा रंग हाय त्यो."

त्यानं तोंड वासलं. "आवं पर तुमी तर कमिटीत लिवून दिलंय, माझा रंग सुटतो म्हनून!"

"आमच्या आंगावरचा सुटतो म्हनून लिवून दिलंय," मी म्हणालो. "तुझ्या आंगावरच्याचं मी काय बी लिवलेलं न्हाई."

बायको पदर तोंडाला लावून आत गेली. तिच्या माहेराची बाजू होती, म्हणून मोठ्यानं हसली नाही.

त्या वर्षी चिठ्ठीत परत मिरजच आली. मेव्हणा तीच जर्सी घालून खेळला, दुसरी त्याच्या मापाची नव्हती. आमचे गंजीफ्रॉक दुसऱ्या माणसानं रंगवले होते, माझ्याकडं आता रंगाची टाकी नव्हती. आठ दिवस आधी गोळा झालेले, पक्के केलेले, साबणाची उकळी दिलेले. अर्ध्या वेळात मी बारा बादल्या ओतल्या, कप्तानाला दोन. एक थेंब रंग निघाला नाही. सात-शून्यनं हरलो.

सुभेदारांनी शेवटची शिट्टी फुंकली. झाडामागून कुंडलचे चौघं उठले, आणि मी शर्ट काढून पुढं झालो.